फेनवे पार्कवर सामना पाहावा का? : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

अ-७०२ :
सर्वांना नमस्कार. येत्या जूनमध्ये आम्ही कॉलेजपासूनच्या चार मैत्रिणी अमेरिकेला निघालो आहोत आणि त्यांपैकी पाच दिवस बोस्टनमध्ये आमचा मुक्काम आहे. एका मैत्रिणीच्या भाच्याने फेनवे पार्कवर रेड सॉक्स संघाचा बेसबॉलचा सामना पाहाच, असा आग्रह धरला आहे. आमच्यापैकी एकीलाही या खेळातले काही कळत नाही, तिकिटे स्वस्त नाहीत आणि एक पूर्ण संध्याकाळ त्यात जाणार आहे. दिवसा मैदान फिरवून दाखवणारी तासाभराची फेरी असते, असे समजले. तेवढी पुरेशी होईल का? कोणी जाऊन आले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

क-१०१ :
वहिनी, गेल्या ऑगस्टमध्ये मी आणि माझे तीन मित्र तिथे सामना पाहून आलो. आम्हा चौघांचे बालपण दादरला टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळण्यात गेले, त्यामुळे बेसबॉलबद्दल आमचे ज्ञान तुमच्याइतकेच होते. तरीही मी म्हणेन की सामनाच पाहा. रिकामे मैदान पाहून तुम्हाला एक जुनी वास्तू पाहिल्याचे समाधान मिळेल, पण ते मैदान तसे का आहे, हे चेंडू हवेत असतानाच समजते.

हे मैदान २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झाले आणि मेजर लीगमध्ये (अमेरिकेतील बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत) आज वापरात असलेल्या मैदानांपैकी ते सर्वांत जुने आहे. शहरातील रस्त्यांच्या मध्ये जेवढी जागा मिळाली, तेवढ्यात ते बसवले गेले. त्यामुळे त्याला सुबक असा आकार नाही. कुठे कोपरा निघाला आहे, तर कुठे सीमा एकदम जवळ आली आहे. बॅटरच्या डाव्या हाताला सीमा अवघ्या ३१० फुटांवर आहे, कारण तिच्या पलीकडे लगेच रस्ता आहे. तिथे ३७ फूट उंचीची हिरवी भिंत उभी आहे, तिला लोक ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणतात. दुसऱ्या मैदानावर जो सपाट, जोरकस फटका सरळ प्रेक्षकांत जाऊन होम रन (आपल्या षटकारासारखा) ठरला असता, तो इथे भिंतीवर आदळून परत मैदानात पडतो. आणि जो उंच उडालेला फटका अन्यत्र सहज झेलला गेला असता, तो इथे भिंतीवरून अलगद पलीकडे जातो. भिंतीवर चेंडू आपटल्याचा ठक्क असा आवाज आम्हाला समोरच्या बाजूलाही ऐकू आला आणि त्या एका आवाजाने मला जे समजले, ते आधी पाहिलेल्या चार व्हिडिओंनी समजले नव्हते.

त्याच भिंतीत खाली धावफलक आहे आणि तो अजूनही माणसे हाताने चालवतात. फलकाच्या मागे, भिंतीच्या पोटात एक अरुंद खोली आहे. तिथे बसलेली माणसे पत्र्याचे आकडे बदलतात. मित्राने दुर्बीण आणली होती. दुसरा डाव संपल्यावर तिच्यातून आम्ही पाहिले, तर रिकाम्या चौकटीत आतून एक आकडा सरकत आला, क्षणभर तिरका राहिला आणि मग नीट बसला. आमच्या लहानपणी मैदानावर शिडी लावून आकडे टांगणारी मुले असत, त्यांची आम्हा चौघांना एकदमच आठवण झाली.

अ-२०४ (आजोबा) :
वर्णन चांगले आहे, परंतु मला एक शंका नेहमी वाटत आली आहे. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा घेतो, खेळपट्टी वागते, हवामानाचा परिणाम होतो. बेसबॉलमध्ये सगळे चेंडू फुलटॉसच असतात. मग फलंदाजाचे कौशल्य नेमके कशात आहे?

क-१०१ :
आजोबा, हाच प्रश्न आम्ही शेजारच्या प्रेक्षकाला विचारला होता आणि त्या गृहस्थांनी फार आस्थेने समजावून सांगितले. फेकणारा ६० फूट ६ इंचांवरून, मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू टाकतो. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू जेमतेम ०.४ सेकंदात पोहोचतो. टप्पा नसला तरी चेंडूच्या १०८ दुहेरी टाक्यांवर बोटे कशी ठेवली आहेत, त्यावर तो शेवटच्या क्षणी खाली बुडतो किंवा बाजूला सरकतो. बॅट गोल, चेंडूही गोल, आणि फटका समोरच्या ९० अंशांच्या कोनातच जायला हवा. मागे ग्लान्स किंवा लेट कट मारण्याची सोयच नाही. म्हणूनच दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा बॅटर तिथे उत्तम समजला जातो. रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी राखली होती, म्हणजे दहापैकी चारांहून थोडे अधिक वेळा यश. अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी रेड सॉक्सच्या गटात, त्यानंतर आजवर कोणालाही .४०० गाठता आलेले नाही.

ब-५०३ :
मी शिक्षणासाठी दोन वर्षे बोस्टनमध्ये होते, म्हणून थोडी भर घालते. काकू, नियमांची फार चिंता करू नका. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन बॅटर बाद झाले की एक डाव संपतो, एवढे धरून ठेवले तरी सामना समजू लागतो. तीन स्ट्राइक (मारता येण्याजोग्या कक्षेतला चेंडू सोडणे किंवा फटका हुकणे) झाले की बॅटर बाद आणि चार चेंडू कक्षेबाहेर पडले की तो चालत पहिल्या बेसवर (धाव पूर्ण करण्यासाठी गाठायच्या चार ठिकाणांपैकी पहिल्यावर) जातो. बाकीचे पाहता पाहता कळते. पूर्वी सामने फार रेंगाळत असत. २०२३ पासून चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावले आहे, त्यामुळे बहुतेक सामने तीन तासांच्या आत संपतात.

क-१०१ च्या काकांनी टेड विल्यम्सचे नाव काढले आहे, तर उजव्या बाजूच्या उघड्या गॅलरीत विभाग ४२, रांग ३७ मधील २१ क्रमांकाची खुर्ची अवश्य पाहा. सगळ्या हिरव्या खुर्च्यांमध्ये ती एकटी लाल आहे. ९ जून १९४६ रोजी त्याने मारलेला होम रन तिथे पडला होता. अंतर ५०२ फूट. तो चेंडू तिथे बसलेल्या एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर पडून टोपीला भोक पडले होते. त्या खुर्चीत बसून मैदानाकडे पाहिले की बॅटर बोटभर दिसतो आणि चेंडू इतक्या लांब आला, यावर विश्वास बसत नाही.

जाण्यासाठी मेट्रोची ग्रीन लाइन पकडून केनमोर स्थानकावर उतरा. पुढे गर्दीबरोबर चालत राहिले तरी पोहोचाल. खाण्याचे म्हणाल, तर तिथला हॉट डॉग मांसाहारी असतो. शाकाहारी माणसाला भाजलेल्या खाऱ्या शेंगा मिळतात, त्या सालासकट कागदी पिशवीत देतात आणि टरफले पायाशीच टाकायची रीत आहे. आठव्या डावाच्या मध्ये सगळे प्रेक्षक उभे राहून एक जुने गाणे म्हणतात. त्याआधी निघू नका. रात्री गारवा असतो, म्हणून जून असला तरी अंगावर घ्यायला काही तरी ठेवा.

क-१०१ :
तिकिटांबाबत आमची चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. आम्ही पुन्हा विकलेली तिकिटे देणाऱ्या एका अॅपवरून चार जागा घेतल्या. जागा छपराखालच्या, जुन्या लाकडी निळ्या खुर्च्यांच्या, किमतीही बऱ्याच. जाऊन बसलो, तर चेंडू फेकणारा आणि आम्ही यांच्या मधोमध लोखंडी खांब. छप्पर पेलणारे असे खांब तिथे अनेक आहेत, पण तिकीट विकणाऱ्याने त्याचा उल्लेख कुठेही केलेला नव्हता. तक्रारीला ठरावीक शब्दांतले उत्तर आले, पैसे मिळाले नाहीत. आम्ही चौघांनी दर दोन डावांनी जागा बदलून खांब वाटून घेतला. तुम्ही संघाच्या अधिकृत मार्गानेच तिकीट काढा, जागेपुढे खांबाचा इशारा आहे का ते पाहा, आणि शंका आली तर उघड्या गॅलरीतील स्वस्त जागा घ्या.

ब-६०२ :
आपण सगळे मैदानाचे गुणगान करत आहोत, ते योग्यच आहे. परंतु तिथे जाणाऱ्याला त्याची दुसरी बाजूही ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते. एप्रिल १९४५ मध्ये याच मैदानावर जॅकी रॉबिन्सन आणि आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेण्यात आली आणि एकालाही संघात घेतले गेले नाही. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळला आणि मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत त्याने पाडली. रेड सॉक्सने आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो १९५९ मध्ये. तोवर लीगमधील इतर सर्व संघांनी ते पाऊल उचललेले होते. मैदानालगतच्या रस्त्याला त्या काळच्या मालकाचे, यॉकी यांचे नाव होते. संघाच्या नव्या मालकांनीच मागणी केल्यावर २०१८ मध्ये ते काढून पूर्वीचे ‘जर्सी स्ट्रीट’ हे नाव परत देण्यात आले.

क-१०१ :
हे लिहिलेत, फार चांगले केलेत. सर्वच संघांनी कायमचा राखून ठेवलेला ४२ हा रॉबिन्सनचा क्रमांक तिथे उजव्या बाजूला वर लावलेला आहे. त्याच्याकडे पाहताना आता १९४५ सालही आठवेल.

अ-२०४ (आजोबा) :
माझ्या शंकेचे निरसन झाले. सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये निवृत्त क्रिकेटपटूंचे सामने न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिस येथील बेसबॉलच्या मैदानांवर भरवले होते. ते दूरदर्शन संचावर पाहताना मैदानाचा आकार विचित्र का दिसतो, हे मला तेव्हा उमगले नव्हते, आज उमगले.

अ-७०२ :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही चौघींनी काल रात्री बोलून सामना पाहायचे निश्चित केले आहे आणि उघड्या गॅलरीतील चार जागा पाहून ठेवल्या आहेत. मैत्रिणीची एक शंका आहे : चेंडू प्रेक्षकांत आला, तर तो परत द्यावा लागतो का?

क-१०१ :
वहिनी, अजिबात नाही, तो ज्याच्या हाती येईल त्याचा. आमच्याकडे सहाव्या डावात एक चेंडू आला होता. तो त्याच खांबावर आपटून आमच्या खुर्च्यांखाली घरंगळला. माझ्या मित्राने तो उचलला आणि पन्नास वर्षांच्या सवयीने मैदानात परत फेकण्यासाठी हात मागे नेला, तर मागच्या रांगेतील दोन अनोळखी माणसांनी त्याचे मनगट धरले आणि तो चेंडू त्याच्या खिशात घातला. चेंडू पांढराशुभ्र नसतो, थोडा मळकट असतो. पकड मिळावी म्हणून न्यू जर्सीतील डेलावेअर नदीच्या परिसरातून काढलेला चिखल प्रत्येक चेंडूला सामन्याआधी चोळतात. त्यावर खांबाच्या रंगाचा बारीक ओरखडाही आहे. मित्राकडून तो मी मागून घेतला आहे. रविवारी सकाळी दहा वाजता खाली बागेत घेऊन येतो. आजोबा, तुम्हीही या, टाक्यांवर बोटे कशी ठेवायची ते दाखवतो.