माशाचं तेल सारक आहे की नाही, उंदरांवर तपासताना कंट्रोल कोणता घ्यावा?

एमफार्म_दुसरं_वर्ष
तारलीच्या तेलाचं पोटात घ्यायचं औषध आहे, बद्धकोष्ठतेवर. माणसाचा डोस दिवसाला १५ मिली. विस्टार जातीचे प्रयोगशाळेतले उंदीर, गटात ६. कंट्रोलला (औषध न मिळणारा गट) ०.५% सीएमसी (पाण्यात मिसळणारा निष्क्रिय डिंकासारखा पदार्थ), तुलनेला एरंडेल, औषध ५ आणि १० मिली/किलो. १६ तास टीपकागदावरच्या लेंड्या मोजायच्या. पायलटमध्ये १० मिलीला सगळ्यांना पातळ झालं. ओईसीडी ४२३ (एकाच डोसाच्या तीव्र विषारीपणाची ठरलेली चाचणी) प्रमाणे २००० मिग्रॅ/किलोला एकही दगावला नाही. सारक आणि सुरक्षित, दोन्ही सिद्ध झालं म्हणायचं का?

प्राणीगृह
दोन्ही नाही. १० मिली/किलो म्हणजे २०० ग्रॅमच्या उंदराच्या पोटात २ मिली तेल. शेंगदाण्याचं पाजलंत तरी पातळच होईल, कारण न पचलेलं तेल खाली उतरतं. तो तारलीचा गुण नव्हे.

डोस माणसावरून काढा. १५ मिली × ०.९२ (तेलाची घनता) = १३.८ ग्रॅम. ६० किलोला भागलं की २३० मिग्रॅ/किलो. उंदरासाठी ६.२ ने (माणसाचा डोस उंदराला लावायचा ठरलेला गुणक) गुणलं की १४२६ मिग्रॅ/किलो. २०० ग्रॅमच्या उंदराला साधारण ०.३१ मिली. याच्या निम्मा, एवढाच आणि दुप्पट असे तीन गट घ्या.

आता सुरक्षिततेकडे बघा. तुमचे २००० मिग्रॅ म्हणजे उपचाराच्या डोसाच्या जेमतेम १.४ पट. त्यात कुणी मेलं नाही, यातून फारसं काही कळत नाही. रोज डोस द्यायच्या २८ दिवसांच्या ओईसीडी ४०७ चाचणीमध्ये तर नेहमीची वरची मर्यादा १००० मिग्रॅ, म्हणजे उपचाराच्या डोसाहूनही कमी. माणसाचा डोस मोठा असेल तर तिथे वर जायला वाव आहे. ते कारण आकडेमोडीसह आयएईसीच्या (संस्थेच्या प्राणी-नीती समितीच्या) अर्जातच मांडा.

कंट्रोल सीएमसी नको, तेवढ्याच मापाचं ताजं रिफाइंड मक्याचं तेल घ्या. सीएमसीचा गट हवा तर वेगळा ठेवा. लिक्विड पॅराफिन कंट्रोलला चालणार नाही, ते स्वतःच सारक आहे. त्याची जागा तुलनेच्या गटात, आणि एरंडेलापेक्षा तीच तुलना इथे शोभते. एरंडेलातून सुटणारं रिसिनोलिक आम्ल आतड्याच्या स्नायूंना ईपी३ रिसेप्टरमार्फत चाळवतं. तो जुलाब, तुमचा दावा सारकाचा आहे. आणि दावा बद्धकोष्ठतेवरचा असेल तर नुसते धडधाकट उंदीर पुरणार नाहीत. लोपेरामाइड (जुलाब थांबवणारं, बद्धकोष्ठता आणणारं औषध) ३ मिग्रॅ/किलो तोंडावाटे ३ दिवस देऊन आधी लेंड्या कमी झाल्याची खात्री करा, मग औषध.

खवट_तेल
बाटली कधी उघडली होती? खवट तेलानं आतडं चिडतं आणि तुम्ही त्याला सारक म्हणून बसता. पेरॉक्साइड (तेल खवट होताना आधी बनणारे पदार्थ) तपासा: ५ ग्रॅम तेल, ३:२ ॲसेटिक आम्ल-क्लोरोफॉर्म ३० मिली, संपृक्त पोटॅशियम आयोडाइड ०.५ मिली. बरोबर १ मिनिट हलवा, ३० मिली पाणी घाला, स्टार्च टाकून ०.०१ नॉर्मल थायोसल्फेटनं टायट्रेट करा. ब्लँक (तेलाशिवाय तेच टायट्रेशन) विसरू नका. ५ मिलीइक्विव्हॅलंट/किलोच्या वर गेलं तर ते तेल पाजू नका. पण नुसत्या या आकड्यावर विसंबूही नका. जुन्या तेलात पेरॉक्साइडं मोडून आकडा पुन्हा उतरतो, म्हणून पेरॉक्साइडं मोडून बनलेले पदार्थ मोजणारी ॲनिसिडीन चाचणीही करा, आकडा २० च्या आत हवा. २८ दिवस एकच बाटली रोज उघडत बसू नका. पहिल्याच दिवशी छोट्या गडद कुप्या भरा, वर नायट्रोजन सोडा, उणे २० ला ठेवा.

तेल अख्ख्या माशाचं की यकृताचं, तेही लेबलवर बघा. कॉड लिव्हरच्या तेलात ग्रॅमला १००० युनिट अ जीवनसत्त्व धरलं तर १५ मिलीत १३,८०० युनिट होतात. प्रौढांची रोजची वरची मर्यादा १०,०००. गरोदर बाईला तर असं औषध चालणारच नाही.

टीपकागद
कागदावरचा डाग ओला की तेलकट? तासभर हवेत ठेवा. पाण्याचा डाग वाळतो, तेलाचा तसाच राहतो आणि उजेडात धरला की कागद पारदर्शक दिसतो. तेलकट डागाला ‘पातळ शौच’ म्हणून गुण दिलेत तर सगळा तक्ता चुकेल.

वजनातही तोच घोळ. लेंड्या १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पण तेल उडत नाही, ते कोरड्या वजनात राहतं. म्हणून वाळलेला भाग सॉक्सलेटमध्ये (द्रावकानं तेल काढून घ्यायचं काचेचं उपकरण) घालून पेट्रोलियम ईथरनं त्यातलं तेल काढा आणि पाणी, तेल, उरलेलं असे तीन आकडे लिहा.

पाजताना तेल श्वासनलिकेत गेलं की एक-दोन दिवसांत उंदीर धापा टाकतो. तो मृत्यू चुकून विषारीपणाच्या रकान्यात जातो. मेलेल्या प्रत्येकाची फुफ्फुसं उघडून बघा.

एमफार्म_दुसरं_वर्ष
चारकोलची चाचणीही केली होती (काळी पूड पाजून ती आतड्यात किती पुढे गेली ते बघायचं): १८ तास उपाशी, १०% चारकोल ५% बाभळीच्या डिंकात, १ मिली, तेलानंतर लगेच. ३० मिनिटांनी बघितलं तर अंतर सीएमसीपेक्षा कमी! मग हे तेल मलावरोध करतं की काय?

प्राणीगृह
मलावरोध नाही. तेल ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) पोचलं की सीसीके हे संप्रेरक सुटतं आणि जठर रिकामं व्हायला उशीर होतो. चारकोल जठरातच अडकला. मक्याच्या तेलालाही असंच येईल, करून बघा. त्या चाचणीत पायलोरसपासून (जठराचं तोंड) सीकमपर्यंतच्या (मोठ्या आतड्याची सुरुवात) लांबीत चारकोल किती टक्के पुढे गेला एवढंच कळतं, मोठ्या आतड्याचं काहीच नाही. सारकाचं काम तिथेच होतं. तिथल्यासाठी गुदद्वारापासून ३ सेंटीमीटर आत काचेचा मणी ठेवून तो बाहेर यायला लागणारा वेळ मोजा.