शब्दचर्चा : ‘नम्युलाइट्स’ ही जात, प्रजाती की वंश?

प्रश्न

आमच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागातील जीवाश्मांसाठी मराठी माहितीफलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. कच्छच्या लखपत तालुक्यातील हरुडी आणि फुलरा या परिसरांतून आलेल्या, नाण्यासारख्या चपट्या व गोल जीवाश्मांसाठी मी असे वाक्य लिहिले : ‘नम्युलाइट्स ही कवचधारी सागरी सूक्ष्मजीवांची एक विलुप्त प्रजाती आहे.’ त्यावर एका सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की, प्रजाती म्हणजे स्पीशीज, आणि नम्युलाइट्स हा तर जीनस, म्हणजे जवळच्या अनेक स्पीशीजचा गट, आहे. तेव्हा ‘वंश’ लिहावे. दुसऱ्यांना ‘कवच’ऐवजी ‘शंख’ हवा आहे, कारण प्रेक्षकांना तो लगेच कळतो. शिवाय काही नमुने दोन-तीन सेंटिमीटर रुंद असताना त्यांना ‘सूक्ष्मजीव’ म्हणावे का, हाही प्रश्न आहेच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

‘प्रजाती’ आपण योग्य अर्थानेच वापरली आहे. मराठी परिभाषेत स्पीशीजसाठी ‘जाती’ आणि जीनससाठी ‘प्रजाती’ किंवा ‘वंश’ हे शब्द रूढ असून मराठी विश्वकोशातही ते याच अर्थांनी आढळतात. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ म्हणजे स्पीशीज, आणि तेथूनच हा अर्थ आपल्या बातम्यांत शिरला. ‘बेडकाची नवी प्रजाती सापडली’ असे वाक्य वाचताना त्यात नवी जात अभिप्रेत आहे की नवा जीनस, हे आता संदर्भावरूनच ओळखावे लागते. त्यामुळे ज्या फलकावर दोन्ही पातळ्यांचा उल्लेख येणार आहे, तेथे मी ‘वंश’ आणि ‘जाती’ ही जोडी सुचवेन. ‘प्रजाती’ चूक आहे म्हणून नव्हे, तर ‘वंश’ वाचून कोणाचाही गोंधळ होत नाही म्हणून.

‘शंख’ मात्र मुळीच लिहू नये. शंख आणि शिंपला हे मृदुकाय प्राण्यांचे असतात, आणि नम्युलाइट्सच्या वर्गीकरणात जी चूक दीर्घकाळ चालली ती नेमकी हीच होती. १८०१ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने हे वंशनाम दिले ते लॅटिनमधील ‘लहान नाणे’ या अर्थाच्या शब्दावरून. परंतु वेटोळ्यात रचलेले कप्पे पाहून त्या काळचे अभ्यासक या जीवांना नॉटिलस या कप्पेदार शंखाच्या सागरी प्राण्याच्या नात्यातले, म्हणजे (ऑक्टोपससारखे) शीर्षपाद प्राणी समजत होते. १८२६ मध्ये दॉर्बिन्यी या फ्रेंच अभ्यासकाने, नम्युलाइट्स ज्यात मोडतात तो फोरॅमिनीफेरा हा गट वेगळा काढला तोही शीर्षपादांच्या आतच. नॉटिलसच्या कप्प्यांतून एक नळी जाते, तर यांच्या कप्प्यांमधल्या पडद्यांना नुसती छिद्रे असतात. ‘छिद्रधारी’ या अर्थाचे ते नाव या फरकावरूनच पडले आहे. कवचाच्या भिंतीला असलेल्या बारीक रंध्रांवरून ते आले, असा समज बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो बरोबर नाही. पुढे १८३५ मध्ये द्युजार्दँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने जिवंत फोरॅमिनीफेरांचे निरीक्षण करून दाखवले की, आत कोणतीही इंद्रिये नसून केवळ जीवद्रव्य आहे. त्यावरूनच पुढे हे जीव एकपेशीय ठरले. इतक्या कष्टाने दुरुस्त झालेली गोष्ट आपल्या फलकावर एका शब्दाने पुन्हा बिघडू नये, असे मला मनापासून वाटते.

‘सूक्ष्मजीव’ म्हटले की वाचकाला जिवाणू आठवतात. येथे ‘एकपेशीय जीव’ हेच अचूक आहे. कवच दोन-तीन सेंटिमीटरचे असले तरी तो जीव एकाच पेशीचा होता, ही माहिती फलकावर ठळकपणे यावी.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. परंतु ‘विलुप्त’ या विशेषणाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ते वंशाला लावायचे की जातींना, यावर वाक्याचा खरेपणा अवलंबून आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या आदिनूतन (इओसीन) काळात भरभराटीस आलेल्या या वंशाच्या बहुतेक जाती त्यानंतरचा अल्पनूतन (ऑलिगोसीन) काळ संपेपर्यंत नाहीशा झाल्या, याबद्दल दुमत नाही. पण हिंदी व प्रशांत महासागरांच्या उबदार, उथळ पाण्यात ‘व्हेनोसस’ नावाची एक जाती आजही जगते. काही अभ्यासक तिला नम्युलाइट्समध्येच ठेवतात, तर काही पॅलिओनम्युलाइट्स किंवा ऑपर्क्युलिनेला या वंशांत घालतात. पहिले मत स्वीकारले तर वंश जिवंत, दुसरे स्वीकारले तर विलुप्त!

ही सीमा आखणे अवघड का आहे, ते नमुना कापून पाहिल्यावर कळते. नम्युलाइट्सच्या कवचाचा अक्षातून उभा छेद घेतला, तर प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याला दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत झाकून टाकताना दिसतो, आणि म्हणून बाहेरून फक्त शेवटचा वेढा दिसतो. असिलिना या जवळच्या वंशामध्ये नवा वेढा जुन्याच्या कडेला नुसता टेकतो आणि सगळे वेढे बाहेरून मोजता येतात. ऑपर्क्युलिना या तिसऱ्या वंशामध्येही वेढे बाहेरून दिसतात, पण ते थोडे असून झपाट्याने रुंदावत जातात. कडेने फिरणारा, आत नलिकांचे जाळे असलेला जाड पट्टा तिन्ही वंशांत आहे, म्हणून त्यांचे कुल (फॅमिली) एकच. मात्र वेढे अर्धवट झाकणारे नमुनेही सापडतात, आणि रेघ कोठे ओढायची हे अखेरीस अभ्यासकालाच ठरवावे लागते.

म्हणून फलकावर ‘या वंशाच्या कच्छमध्ये सापडणाऱ्या जाती आज विलुप्त आहेत’ असे लिहावे. ते कोणत्याही वर्गीकरणानुसार खरे ठरते.

प्रतिसाद ३

‘जाती’ या शब्दाविषयी थोडी भर घालतो, कारण नम्युलाइट्सच्या बाबतीत तो फार जपून वापरावा लागतो. एकाच थरात दोन आकारांची कवचे शेजारी शेजारी सापडतात. लहान कवचाच्या मध्यभागी पहिला कप्पा मोठा आणि भिंगातून सहज दिसण्याजोगा असतो, तर मोठ्या कवचात तोच कप्पा इतका बारीक असतो की, छेद नेमका मध्यातून गेला नाही तर तो हातीच लागत नाही. पूर्वी या दोहोंना स्वतंत्र जाती मानून निरनिराळी नावे दिली गेली. गिझाच्या पिरॅमिडांच्या चुनखडकात आढळणारे मोठे कवच ‘गिझेहेन्सिस’ आणि त्याच्या जोडीचे लहान कवच ‘कर्व्हिस्पायरा’, ही त्यातली प्रसिद्ध जोडी होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडा झाला की, ही एकाच जातीची दोन रूपे असून लहान रूप अलैंगिक व मोठे रूप लैंगिक प्रजननातून येते. तेव्हा आपल्याकडील लहान-मोठ्या नमुन्यांना ‘दोन जाती’ म्हणण्याआधी ते कापून मधला कप्पा पाहावा; तो तसा निघाला आणि कवचाची बाकी रचना जुळली, तर ‘एकाच जातीची दोन रूपे’ असे लिहावे. ‘प्रकार’ हा शब्द येथे टाळलेला बरा, कारण वाचक त्याचा अर्थ पुन्हा जात असाच लावील.

आणखी एक गोष्ट. ‘नम्युलाइट्स’मधील शेवटचा ‘स’ इंग्रजी अनेकवचनाचा नाही, ते वंशाचे एकवचनी नाव आहे. म्हणून ‘नम्युलाइट्स हा वंश’ असेच लिहावे, आणि एकेका जीवाश्माविषयी बोलताना ‘नम्युलाइट’ म्हणावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. फलकाचा मजकूर आता असा केला आहे : ‘नम्युलाइट्स हा कवचधारी, एकपेशीय सागरी जीवांचा वंश आहे. त्याच्या कच्छमधील आदिनूतन व अल्पनूतन खडकांत आढळणाऱ्या जाती आज विलुप्त आहेत. येथील प्रत्येक कवच एकाच पेशीने घडवलेले आहे.’ लहान नमुन्यांपैकी दोन घासून त्यांचा मध्य उघडा करण्यास प्रयोगशाळेत दिले आहेत. पहिला कप्पा कसा निघतो ते पाहून त्यांच्याखालची ओळ लिहीन. तोवर ती जागा कोरी ठेवत आहे.