एका शाळेत रुजलेले सकारात्मक वर्तन-साहाय्य केंद्रातील 11 शाळांत कसे न्यावे आणि कसे टिकवावे?

प्रश्न : मुख्याध्यापिका, जिल्हा परिषद शाळा, नाशिक जिल्हा

सर्वांना नमस्कार. आमची शाळा पहिली ते सातवीपर्यंतची असून पट 164 आणि शिक्षक सहा आहेत. मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास रोज भांडणे सोडवण्यातच जात असे, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही रागावण्याऐवजी अपेक्षित वर्तन शिकवायचे, म्हणजे सकारात्मक वर्तन-साहाय्य करायचे, ठरवले. सुरुवातीला फक्त एक वही ठेवली : घटना काय, कोठे, किती वाजता आणि तिच्याआधी काय घडले होते. महिनाअखेरीस ती वही सर्वांनी मिळून वाचली, तेव्हा निम्म्याहून अधिक मारामाऱ्या खिचडी खाऊन झाल्यावर, ताटे धुण्याच्या दोन नळांपाशी होत असल्याचे दिसले. ज्या मुलांना आम्ही वांड समजत होतो, त्यांतली बरीचशी रांगेत कायम मागे ढकलली जाणारी होती. तिसरा नळ मिळाला नाही. पण वर्गवार वेळा ठरवल्या, चुन्याचे पट्टे आखले आणि रांगेत कसे उभे राहायचे, कोणी ढकलले तर काय म्हणायचे, हे परिपाठानंतर आठवडाभर नळापाशी नेऊन करून घेतले. भांडणे पूर्ण थांबली नाहीत, परंतु तास वेळेवर सुरू होऊ लागला.

आता केंद्रप्रमुखांची इच्छा आहे की, जूनपासून हे काम केंद्रातील (म्हणजे त्यांच्या देखरेखीखालील शाळासमूहातील) सर्व 11 शाळांत सुरू व्हावे. त्यांपैकी सात शाळा द्विशिक्षकी आहेत. आमच्याकडील दोन शिक्षक, ज्यांनी ती वही खऱ्या अर्थाने चालवली, या वर्षी बदलीपात्र आहेत. शेजारच्या एका शाळेने गेल्या वर्षी आमचे वर्तन-नियमांचे तक्ते जसेच्या तसे रंगवून घेतले होते, पण दिवाळीपर्यंत भिंतीवरील अक्षरांखेरीज तेथे काही उरले नाही. विस्तार करताना नेमके काय न्यावे, आणि माणसे बदलली तरी काम चालू राहावे यासाठी काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर 1 : वर्तन-मार्गदर्शक, मेरीलँड, अमेरिका

मॅडम, नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची. गेली काही वर्षे येथील प्राथमिक शाळांत याच कामात आहे. येथे या पद्धतीला पीबीआयएस (पॉझिटिव्ह बिहेविअरल इंटरव्हेन्शन्स अँड सपोर्ट्स) म्हणतात. तिची मांडणी प्रामुख्याने ओरेगन विद्यापीठात रॉबर्ट हॉर्नर, जॉर्ज सुगाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. 1997 मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात सकारात्मक वर्तन-साहाय्याचा उल्लेख आला, त्यानंतर केंद्र सरकारच्या निधीतून राष्ट्रीय तांत्रिक साहाय्य केंद्र उभे राहिले, आणि आज 25,000 हून अधिक शाळा ही पद्धत वापरतात. मेरीलँडमध्ये राज्याचे शिक्षण खाते, शेपर्ड प्रॅट ही मानसिक आरोग्य संस्था आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मिळून विस्तार केला. येथील 37 प्राथमिक शाळांपैकी 21 शाळांना यादृच्छिक निवडीने प्रशिक्षण देऊन पाच वर्षे अभ्यास झाला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत प्रशिक्षित शाळांमध्ये मुलांना निलंबित करण्याचे आणि कार्यालयात पाठवण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले.

आपल्या प्रश्नाशी जोडलेली बाब अशी की, येथे प्रशिक्षण एकट्या उत्साही शिक्षकाला दिले जात नाही. मुख्याध्यापकासह चार-सहा जणांचा गट येतो. त्याआधी शाळेतील किमान 80 टक्के कर्मचाऱ्यांची संमती असावी, असा संकेत आहे. पुढे वर्षभर एक मार्गदर्शक अनेक शाळांत फिरून गटाच्या मासिक बैठकीला बसतो. शाळा ठरल्याप्रमाणे काम करते की नाही, हे वर्षातून एकदा ठरावीक सूचीने तपासले जाते आणि 70 टक्के गुण हा पुरेशा अंमलबजावणीचा उंबरठा मानला जातो. संशोधक केंट मॅकिंटॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शाळांचा अनेक वर्षे मागोवा घेतला आहे. गट नियमितपणे बसून नोंदींच्या आधारे निर्णय घेतो की नाही, याच्याशी कार्यक्रम टिकण्याचा घट्ट संबंध त्यांना आढळला. म्हणून शेजारच्या शाळेने आपले तक्ते नेले, तेव्हा वही आणि ती वाचण्याची बैठक मागेच राहिली, असे मला वाटते. त्यांच्या शाळेत अडचण कदाचित नळापाशी नसेलच. ती शाळा सुटताना फाटकापाशी असेल.

एक सावधगिरीची सूचना. येथील अनेक शाळा चांगल्या वर्तनासाठी चिठ्ठ्या किंवा गुण देतात आणि पाहुण्यांच्या नजरेत तेच भरते. माझ्या मते विस्तार करताना ते सर्वांत शेवटी न्यावे, कारण बक्षिसे वाटणे सोपे असते आणि वर्तन शिकवणे मात्र बाजूला पडते.

उत्तर 2 : निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा

मॅडम, आपल्या कामाबद्दल मनापासून अभिनंदन. वरील ताईंचे म्हणणे पटते, परंतु चार-सहा जणांचा गट ही अट आपल्या द्विशिक्षकी शाळांना लागू करता येणार नाही. तेथे एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा टपालाच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग असतात. अशा वेळी गट शाळेचा न ठेवता केंद्राचा ठेवावा. केंद्रातील शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद होतेच. तिच्यात चाळीस मिनिटे या विषयासाठी राखून प्रत्येक शाळेने आपल्या नोंदीतील एकच ठिकाण व एकच वेळ मांडावी, बाकीच्यांनी उपाय सुचवावा आणि पुढच्या महिन्यात काय झाले ते त्याच शाळेने सांगावे. मात्र यासाठी नवे प्रपत्र काढू नये. प्रपत्र निघाले की ते भरण्यासाठी भरले जाते, आणि मुख्याध्यापक आपल्या शाळेत भांडणे होतात हे कागदावर देईनासा होतो. आकडे वरिष्ठ कार्यालयाला पाठवायचे नाहीत, ही हमी केंद्रप्रमुखांनी पहिल्याच परिषदेत सर्वांसमोर दिली पाहिजे. ती नसेल तर शून्य घटनांच्या वह्या तयार होतील.

जूनमध्ये 11 शाळा घेऊ नयेत. ज्यांचे मुख्याध्यापक स्वतःहून तयार आहेत अशा तीन घ्याव्यात, त्यांतली एक द्विशिक्षकी असावी. तेथे वर्षभर काय अडले ते कळले की उरलेल्या शाळांना आपल्यापेक्षा तीच शाळा अधिक उपयोगी पडेल, कारण परिस्थिती सारखी असेल. बदलीबाबत माझा अनुभव असा की, जे काम एखाद्या शिक्षकाचा उपक्रम म्हणून ओळखले जाते ते त्याच्या बरोबर जाते. वही कोणी लिहायची, बैठक कोणत्या शनिवारी, नवीन शिक्षकाला पहिल्या आठवड्यात कोणी आणि काय दाखवायचे, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घ्यावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शिक्षक बदलले तरी ते गावातच राहतात आणि काम थांबले तर विचारतात. त्याच कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, हेही समितीला वाचून दाखवावे, म्हणजे हा कोणाचा छंद आहे असे पालकांना वाटणार नाही.

उत्तर 3 : विशेष शिक्षिका, समावेशित शिक्षण, बीड जिल्हा

दोन्ही उत्तरांत सगळ्या मुलांसाठीच्या कामाची चर्चा झाली आहे. पीबीआयएसच्या मांडणीत साधारण 80 टक्के मुलांना तेवढे पुरते, सुमारे 15 टक्के मुलांना लहान गटात जादा मदत लागते आणि सुमारे 5 टक्के मुलांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. आमच्याकडे अनेक शाळांत काम मोडले ते या शेवटच्या एक-दोन मुलांपाशी, कारण त्यांच्यात फरक पडला नाही की शिक्षक म्हणतात, ‘बघा, मारल्याशिवाय चालत नाही’, आणि इतर साठ मुलांसाठीचे कामही थांबते.

चौथीतला एक मुलगा श्रुतलेखन सुरू झाले की शेजाऱ्याची वही ओढून फाडायचा आणि बाई त्याला व्हरांड्यात उभे करायच्या. दहा दिवस नोंद ठेवली, तेव्हा दिसले की गणिताच्या किंवा खेळाच्या तासाला तो एकदाही असे वागला नव्हता. आई-वडील ऊसतोडीला जात असल्याने दिवाळीपासून एप्रिलपर्यंतचे महिने त्याचे दोन वर्षे बुडाले होते आणि जोडाक्षरे त्याला लिहिता येत नव्हती. व्हरांडा ही त्याच्यासाठी शिक्षा नव्हतीच. तीच त्याची सुटका होती. बाईंनी त्याला तेवढ्याच वेळात पाच सोपे शब्द वेगळे द्यायला सुरुवात केली आणि नको वाटले तर ‘बाई, थोडं थांबू का?’ असे विचारायला शिकवले. महिनाभराने फाडाफाडी जवळजवळ बंद झाली. जोडाक्षरांना मात्र वर्ष लागले.

म्हणून विस्ताराच्या पहिल्या दिवसापासून तालुक्यातील विशेष शिक्षक किंवा विषय साधनव्यक्ती केंद्राच्या बैठकीला असावी, आणि प्रत्येक शाळेने अशा एका मुलाचे नाव न सांगता वर्णन आणावे.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. केंद्रप्रमुखांशी आजच बोलले. तीन शाळांपासून सुरुवात करण्यास त्यांनी होकार दिला, आणि नोंदी कार्यालयात मागवणार नाही हे परिषदेत सांगण्याचेही मान्य केले. समितीची बैठक येत्या शनिवारी आहे; बदलीपात्र दोन्ही शिक्षकांना त्याच दिवशी गेल्या तीन वर्षांच्या वह्या समोर ठेवून नवीन शिक्षकासाठी दोन पानांची माहिती लिहायला बसवणार आहे. वर्णन आणायच्या मुलाबद्दल मात्र एक विचारायचे आहे : द्विशिक्षकी शाळेत पट वीसच्या आत असताना नाव न घेताही मूल कोणते हे सर्वांना कळते. अशा वेळी बीडच्या ताई पालकांची संमती आधी घेतात का, आणि कोणत्या शब्दांत?