व्हॅम्पायर कादंबरी लिहिण्याआधी गाजलेल्या व्हॅम्पायर कादंबऱ्या वाचाव्यात का?

शाईचा डाग

गेले ७ महिने एक व्हॅम्पायर कादंबरी लिहितेय. सुरुवातीलाच ठरवलं होतं की ती पूर्ण होईपर्यंत या विषयावरचं काही वाचायचं नाही. दुसऱ्याचा आवाज आपल्या लिखाणात शिरेल ही भीती होती. दीडशे पानं झाल्यावर पहिलं प्रकरण एका मैत्रिणीला वाचायला दिलं. त्यात रात्री दारावर थाप पडते, म्हातारी दार उघडते, तो उंबऱ्याबाहेरच उभा राहतो आणि ती "ये आत" म्हणाल्यावरच पाऊल टाकतो. मैत्रिणीने समासात एवढंच लिहिलं होतं, "हा का थांबलाय?"

मला उत्तर देता येईना. तो नियम माझा नव्हताच. कुठल्याशा सिनेमातून डोक्यात राहून गेला होता आणि मी आपला समजून लिहून टाकला.

तेव्हापासून नुसती वाचतेय, आणि माझं मत पार बदललंय. आधी वाचायलाच हवं. न वाचल्याने पाटी कोरी राहत नाही, तिच्यावर ऐकीव गोष्टी आधीच लिहिलेल्या असतात. उन्हाचंच बघा. ऊन लागलं की व्हॅम्पायर मरतो हे आपण सगळे धरून चालतो. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) तसं काही नाही. त्यातला व्हॅम्पायर, काउंट ड्रॅक्युला, लंडनमध्ये दिवसाउजेडी हिंडतो, फक्त दिवसा त्याच्या शक्तीला मर्यादा असतात. शेवटी एकाची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते आणि दुसऱ्याचा सुरा छातीत घुसतो, तेव्हा तो संपतो. ऊन जीवघेणं ठरलं ते १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटामुळे. म्हणजे ज्याला मी अनादिकालापासूनचा नियम समजत होते, तो एका सिनेमावाल्याचा निर्णय होता! हे कळल्यावर केवढं मोकळं वाटलं.

रातवा

तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मी उलट्या बाजूने पोळलोय.

माझा नायक गोदामाचा रखवालदार होता. कमी बोलणारा, बिडी ओढणारा, हिशेबी माणूस. लिहायला बसण्यापूर्वी ॲन राइसची १९७६ ची कादंबरी दोनदा वाचली, ज्यात व्हॅम्पायर स्वतःच आपली कहाणी सांगतो. पुस्तक अप्रतिम आहे, वाद नाही. पण तिसऱ्या प्रकरणापासून माझा रखवालदार अमरत्वाच्या दुःखावर पानपानभर बोलायला लागला. मला महिनाभर पत्ताच नाही. नंतर एकदा मोठ्याने वाचताना लक्षात आलं की हा माणूस असं बोलणं शक्यच नाही. ९० पानं टाकून दिली. उसने नियम समासातल्या एका प्रश्नाने पकडता येतात. उसना सूर लिहिणाऱ्याला ऐकूच येत नाही, कारण तोवर त्याचा कान त्याच सुराला सरावलेला असतो.

वाचायचंच असेल तर कादंबऱ्यांच्याही आधीच्या काळात जा. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिलोव्हा गावात एक शेतकरी मेला आणि त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. तिथे तेव्हा राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजवटीच्या अधिकाऱ्यासमोर प्रेत उकरून काढलं, त्याचा अहवाल उपलब्ध आहे. प्रेताच्या तोंडाशी ताजं रक्त दिसल्याची नोंद आहे. पण माझ्या मनातून जात नाही ती त्याच्या बायकोची जबानी. नवरा मेल्यानंतर आला आणि त्याने तिच्याकडे आपल्या वहाणा मागितल्या. ती गाव सोडून गेली.

वहाणा! ना किल्ला, ना रेशमी झगा, ना फिकट देखणा चेहरा. या एका तपशिलातून अख्खी कादंबरी निघेल, आणि ती दुसऱ्या कोणाच्या कादंबरीसारखी वाटणार नाही.

काजळी

रातवा यांच्याशी सहमत. स्टेफनी मायरची 'ट्वायलाइट' (२००५) तिला पडलेल्या एका स्वप्नातून सुरू झाली, हे तिने स्वतः सांगितलंय. तिच्या व्हॅम्पायरांची उन्हात चकाकणारी कातडी अभ्यासातून सुचत नसते. कादंबरी कोणाला आवडो न आवडो, ती कल्पना तिची आहे.

मागचं पान

काजळी, ती कल्पना उठून दिसली कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात ऊन म्हणजे मरण हे पक्कं बसलेलं होतं. नियम ठाऊक नसलेल्याला ते चकाकणं नुसतं सुंदर वाटेल, धक्का बसणार नाही. वाचक काय धरून चाललाय हे लिहिणाऱ्याला माहीत नको का?

आणि रातवा, तुमची ९० पानं गेली, माझी २०० गेली. मी काहीच न वाचता लिहिलं होतं की व्हॅम्पायर होणं हा एक संसर्ग आहे आणि त्यातून वाचलेला एकटा माणूस त्यावर शास्त्रीय पद्धतीने शोध घेतोय. मला वाटलं हे कोणाला सुचलंच नसेल. पहिल्याच वाचकाने विचारलं, "रिचर्ड मॅथेसनच्या 'आय ॲम लेजंड'वर बेतलंय का?" ती कादंबरी १९५४ ची आहे. तिच्यात जंतू आहे, एकटा माणूस आहे, रक्ताची तपासणीसुद्धा आहे. मी चोरी केली नव्हती, पण हे सांगून उपयोग काय?

स्टोकरचंच घ्या. त्याच्या टिपणांमध्ये आधी काउंटचं ठिकाण ऑस्ट्रियातला स्टिरिया प्रांत होतं. ले फानूच्या 'कार्मिला' (१८७२) या आधीच्या व्हॅम्पायरकथेतलं सगळं तिथेच घडतं. पुढे १८९० मध्ये त्याने इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या ग्रंथालयात वालाकिया आणि मोल्डेव्हिया या आजच्या रोमानियाकडच्या जुन्या संस्थानांवरचं विल्यम विल्किन्सनचं पुस्तक वाचलं. त्यातून 'ड्रॅक्युला' हे नाव उचललं, आणि कथा त्याच भागातल्या ट्रान्सिल्व्हेनियात गेली. तिकडे तो आयुष्यात कधी गेला नव्हता. हे सगळं वाचनातून आलंय.

रातवा

तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. विल्किन्सनचं पुस्तक कादंबरी नव्हतं, राजकारण आणि इतिहासाचं होतं. स्टोकरचा काउंट वेगळा झाला तो कादंबऱ्यांबाहेरच्या वाचनाने. मॅथेसनबद्दल मात्र मान्य. असा अपघात टाळायचा तर कुठल्या कादंबरीत काय आहे एवढं माहीत हवं. पण त्याला सारांश पुरतो. शब्द न् शब्द वाचला की सूर चिकटतो.

शाईचा डाग

सारांश पुरत नाही हो. माझ्या दाराचंच सांगते. आमंत्रणाशिवाय आत येता येत नाही, हा नियम कुठल्याही यादीत एका ओळीत मिळतो, 'ड्रॅक्युला'तही तो सांगितलेला आहे. पण न बोलावता आत आलं तर काय होतं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. लिंडक्विस्टच्या २००४ च्या स्वीडिश कादंबरीत एक व्हॅम्पायर मुलगी तशी आत येते आणि तिच्या अंगातून रक्त झिरपायला लागतं. समोरचा मुलगा घाबरून तिला "ये, ये" म्हणतो. तो प्रसंग मी तीनदा वाचला. तोवर माझ्या लेखी ते नुसतं कुलूप होतं. तिथे कळलं की त्या नियमात दोघांचं नातं पणाला लागतं. हे सारांशातून कसं कळणार?

रातवा

हे मी वाचलं नव्हतं. चांगलं आहे, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. आता तुमच्या दारातही रक्त झिरपणार, नाही तर ते टाळण्यासाठी तुम्ही धडपडणार. दोन्हीकडे तेच पुस्तक हजर.

एक करून बघा. म्हातारी दार उघडते आणि आत बोलावतच नाही. तो उंबऱ्याबाहेर, ती आत, दार उघडं. पुस्तकं मिटून ठेवा आणि उजाडेपर्यंतचा प्रसंग लिहून काढा. ती पानं मला पाठवाल का?

शाईचा डाग

पाठवते. कालपासून तेच लिहितेय. तिने अजून दिवा विझवलेला नाही.