गड उतरून आल्यावर दोन दिवसांनी पाय का दुखतात?

प्रश्न (कोथरूड)
गेल्या रविवारी बऱ्याच वर्षांनी आम्ही आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो आणि त्याच वाटेने उतरलो. चढताना धाप लागली, पण पाय दुखले नाहीत. पिठलं-भाकरी खाऊन खाली आलो तेव्हा मांड्या तेवढ्या थरथरत होत्या. मंगळवारी मात्र घराचा जिना उतरताना कठडा धरून, अंग तिरके करून एकेका पायरीवर पाय टेकावा लागला. शेजारचे काका म्हणतात की स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचले आहे आणि भरपूर पाणी प्यायल्यावर ते धुऊन जाईल. तसे असेल तर दुखणे रविवारीच का सुरू झाले नाही?

प्रतिसाद १ (निवृत्त प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्र)
काकांचा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. जोराने चढताना स्नायूंत लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असते) तयार होऊन रक्तात वाढते हे खरे; मात्र विश्रांती मिळताच साधारण तासाभरात त्याचे प्रमाण पूर्ववत होते. तो कचराही नव्हे, कारण हृदय त्याचा इंधन म्हणून उपयोग करते आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. तुम्ही पिठलं-भाकरी संपवून निवांत बसलात तेवढ्यातच त्यातले बहुतेक वापरले गेले असणार.

खरे कारण उतरणीत आहे. जिना उतरताना मांडीवर हात ठेवून पाहा: पुढचा स्नायू घट्ट लागतो, कारण गुडघा वाकत असताना तो शरीराचे वजन सावरत असतो, म्हणजे जोर लावतानाच लांबत जातो. या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही आणि आपण बेसावध राहतो. पण सवय नसलेल्या तंतूंमध्ये याच ताणाने सूक्ष्म इजा होते. अमेरिकी शास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच अशा उशिरा येणाऱ्या दुखण्याचा संबंध स्नायूंतील सूक्ष्म फाटण्याशी जोडला होता. इजेनंतर तेथे दाह सुरू होतो, थोडी सूज येते आणि आसपासचे मज्जातंतू हळवे होतात. या सगळ्याला काही तास लागतात, त्यामुळे दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते. जिना उतरताना तोच स्नायू पुन्हा तसाच लांबतो, म्हणून तेथे कळ अधिक येते.

प्रतिसाद २ (रोज पर्वती चढणारा)
सरांशी सहमत आहे. पर्वतीच्या पायऱ्या सुरू केल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात माझेही हेच झाले होते; नंतर तेवढ्याच पायऱ्यांनी पुन्हा कधी त्रास दिला नाही. चढण्यापूर्वी पाय नीट ताणून घेतले असते तर तुमचे दुखणे नक्कीच टळले असते.

प्रतिसाद ३ (डॉक्टर, सिंहगड रस्ता)
ताणण्याने हे दुखणे टळत नाही, फार तर किंचित कमी होते. खरे संरक्षण पर्वतीकरांच्या पहिल्या अनुभवात आहे: एकदा अशी उतरण झाली की स्नायू जुळवून घेतात आणि पुढचे काही आठवडे तेवढ्याच श्रमाने पूर्वीइतके दुखत नाहीत. सध्या सपाटीवर हळू चालावे; शेकाने बरे वाटत असल्यास शेकावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मात्र लघवी काळ्या चहासारखी गडद झाली किंवा पाय फार सुजून ताकदच गेली, तर घरी न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण मोठ्या प्रमाणावर मोडलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडाला इजा करतात. एकाच पोटरीत सूज आणि दुखणे असेल, तर तेही दाखवून घ्यावे.

प्रश्नकर्ती
लघवी नेहमीसारखी आहे आणि आज, शुक्रवारी, कठडा न धरता जिना उतरले. पुढच्या खेपेआधी दोन-तीन आठवडे पर्वतीवर जाईन. काकांना लॅक्टेटचे सगळे सांगितले. ते पाण्याच्या तांब्यावर अजून ठाम आहेत.