चार वर्षं पाच महिने झालेत. आत्ता राजीनामा द्यावा की थांबावं?

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते, आज स्वतःचं विचारायला आले आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी कळव्याला राहते. बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्यूसी लॅबला, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबला लागले. तिथे औषध कंपन्यांना लागणारी इंटरमीडिएट्स, म्हणजे औषध बनण्याच्या मधल्या टप्प्यातली रसायनं बनतात. आठवड्याला सहा दिवस काम. ठाण्याला उतरून दहा नंबरवर ट्रान्स हार्बर लोकल पकडायची, पुढे शेअर रिक्षा. हातात २९ हजार येतात, बेसिक १९,५००.

काम मला आवडतं. टायट्रेशनचा एंडपॉइंट (थेंब थेंब द्रावण टाकताना रंग बदलतो तो क्षण) एका थेंबावर पकडला की अजूनही छान वाटतं. आमच्या आधीच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं: रीडिंग येईल तसं पेननेच लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही-तारीख, खोडरबर लॅबमध्ये दिसता कामा नये. त्या दोन वर्षांपूर्वी सोडून गेल्या.

पगार सातऐवजी पंधराला होतो, दिवाळीची रजा ऐन वेळी रद्द होते. तेवढं मी सोसलं असतं. पण मागच्या महिन्यात एका बॅचचं मॉइश्चर, म्हणजे मालातलं पाणी, कार्ल फिशरवर (ते मोजायच्या मशीनवर) ०.६२ टक्के आलं. लिमिट ०.५०. सर म्हणाले, परत लाव. ०.६० आलं. मग दुसऱ्या ड्रममधून सॅम्पल आणायला लावलं, त्याचं ०.४८ आलं आणि रिपोर्टवर तेवढंच गेलं. आधीच्या दोन रीडिंगचे प्रिंट सरांनी मागून घेतले. गाडी गेटवर उभी होती. ‘अ‍ॅनालाइज्ड बाय’च्या खाली सही माझी आहे. त्या रात्री घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सरांशी बोलले, तर म्हणाले, "कंपनी तुला चालवायची नाहीये." त्यानंतर असं आणखी दोनदा झालंय.

तळोजा एमआयडीसीतल्या एका कंपनीची ऑफर आली आहे, हातात ३३ हजार. इंटरव्ह्यूला त्यांनी मलाच विचारलं, की रिझल्ट लिमिटबाहेर गेला तर तुम्ही आधी काय तपासता? मला रडूच यायचं बाकी होतं. पण प्रवास मोठा आहे: पनवेल लोकलने बेलापूर, मेट्रोने पेंधर, तिथून कंपनीची बस. दोन तास जायला, दोन यायला.

आईचं म्हणणं, पाच वर्षं पुरी कर आणि ग्रॅच्युइटी (पाच वर्षं भरली की नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) घेऊन नीघ. मी हिशोब केला. बेसिक गुणिले १५ भागिले २६, गुणिले पाच, म्हणजे ५६,२५०. भावाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, ही रक्कम आम्हाला लहान नाही. माझा नोटीस पीरियड ६० दिवसांचा. आज राजीनामा दिला तर चार वर्षं सात महिने भरतात. नवीन कंपनी म्हणते दोन महिन्यांत या, त्यापुढे थांबणार नाही.

सात महिने आणखी सह्या करत राहू, की ५६ हजारांवर पाणी सोडू? पाच वर्षांच्या आत सोडलं तर पीएफवर टॅक्स लागतो, हे खरं का? या पट्ट्यातल्या कोणी अनुभव सांगितला तर फार मदत होईल.

प्रतिसाद:

ताई, मी १८ वर्षं महापे-तुर्भे पट्ट्यात काढली आहेत. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पाच वर्षं पूर्ण धरावीत, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. सुट्टीचे पगारी दिवस धरूनही सात महिन्यांत तुमचे २१०-२१५ दिवस होतात, म्हणजे एक महिना कमी पडतोय. नवीन कंपनीकडे तेवढा एक महिना लेखी मागा. मात्र तो निकाल महाराष्ट्रातला नाही. तुमचा एचआर आपणहून पैसे देईल असं धरू नका, दाद मागायची तयारी ठेवा. पीएफ काढूच नका, त्याच यूएएनवर (तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर करा. मग नोकरी सलग धरली जाते आणि टॅक्सचा प्रश्न येत नाही.

पण खरं सांगू? एखाद्या गिऱ्हाईक कंपनीच्या ऑडिटरने मशीनची मेमरी उघडली, तर तिन्ही रीडिंग समोर येतील आणि सहीला तुम्हीच सापडाल. मी असतो तर महिना मिळो न मिळो, आज राजीनामा दिला असता.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. मशीनच्या मेमरीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तळोज्याच्या एचआरला आत्ताच मेल केला, एक महिना मागितला आहे. उत्तर आलं की इथे कळवते. एक मात्र आजच सांगा. नोटीसच्या काळात पुन्हा तशी बॅच आली आणि मी सही नाकारली, तर ते रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडवू शकतात का? सोमवारी सकाळी पुढची बॅच लॅबला येते आहे.