इटालियन: 'स्कोराज्जार्सि' नेमकं कसं वापरायचं?

मृदुला: ऐकण्याच्या सरावात एक बाई म्हणाल्या, 'मि सोनो स्कोराज्जाता'. लगेच पुढे, 'क्वेल्ला रिस्पोस्ता मि आ स्कोराज्जातो'. बाई त्याच, क्रियापद तेच. मग एकदा 'सोनो', एकदा 'आ' का? आणि शेवटी एकदा 'ता', एकदा 'तो'? अर्थ 'निराश होणं' एवढाच का?

वसंत: आधी अर्थ. 'कोराज्जो' म्हणजे धैर्य. त्याच्या मुळाशी लॅटिन 'कोर', हृदय. शब्दाच्या सुरुवातीला जोडलेला 'स' ते धैर्य काढून घेतो, जसं 'फोर्तुना' नशीब आणि 'स्फोर्तुना' दुर्दैव. म्हणून धीर सुटणं, हाय खाणं. 'निराश' लिहून थांबू नका, कारण अपेक्षाभंगाला 'देलूझो' हा वेगळा शब्द आहे. निकाल मनासारखा लागला नाही तर माणूस देलूझो. पुन्हा परीक्षेला बसायची उमेदच उरली नाही तर स्कोराज्जातो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. शिकवताना तो सहसा राहून जातो.

आता व्याकरण. पहिल्या वाक्यात बाईंचा स्वतःचाच धीर सुटला. क्रियापद आत्मवाचक, म्हणून 'एस्सेरे' (असणं) या साहाय्यक क्रियापदाचं रूप 'सोनो', आणि कृदंत कर्त्याच्या लिंगाप्रमाणे: 'ता'. पुरुष 'स्कोराज्जातो' म्हणेल, बायकांचा घोळका 'चि स्यामो स्कोराज्जाते'. दुसऱ्यात उत्तराने त्यांना खचवलं. क्रियापद सकर्मक, म्हणून 'आवेरे' (जवळ असणं) याचं रूप 'आ'. तिथे आधी 'मि' (मला) आल्यावर 'तो' चालतं, 'ता'ही चालतं. 'तिला खचवलं' म्हणायचं असेल तर मात्र 'ता'च: 'ला स्कोराज्जाता', इथे 'तिला' या अर्थाचा 'ला' आणि 'आ' एकत्र मिसळतात.

मृदुला: आता कळलं! 'खचू नकोस' कसं म्हणायचं?

वसंत: 'नोन ति स्कोराज्जारे' किंवा 'नोन स्कोराज्जार्ति', दोन्ही बरोबर. 'तू'ला नकारार्थी आज्ञा करताना मूळ रूपच वापरतात. उच्चारात 'ज्ज' दाबून म्हणा. लिहिताना त्यापुढे 'इ' असतो, पण तो फक्त 'ग'चा 'ज' करण्यापुरता. 'ज्जिआ' म्हणू नका.

शलाका: नाम हवं असेल तर 'स्कोन्फोर्तो' जास्त कानावर पडतं. 'प्रेझा दाल्लो स्कोन्फोर्तो', म्हणजे खिन्नतेने घेरलेली. 'स'ला जोडून व्यंजन आलंय, म्हणून '-ने' या अर्थी 'दाल' नाही, 'दाल्लो'. आणि 'अव्विलीर्सि'ही शिकून ठेवा. त्यात मन खचतंच, शिवाय स्वतःची किंमत उतरल्यासारखं वाटतं. मुळात 'वीले' आहे, लॅटिनमध्ये स्वस्त. रूप मात्र 'मि अव्विलीस्को', मधल्या 'स्क'सकट.